समुद्रापलीकडची चाकरी : फिलिपिनो स्त्रियांच्या देशांतराचा इतिहास

दोन वर्षांपूर्वीं कांहीं कौटुंबिक कारणानें आम्हांस हाँगकाँग येथें महिनाभर राहण्याचा योग आला. पहिल्याच रविवारीं सकाळीं त्या शहराच्या मध्यवर्ती भागांत, जेथें मोठमोठ्या पेढ्यांच्या गगनचुंबी इमारती आहेत तेथें, आम्ही फिरावयास गेलों आणि तेथील देखावा पाहून थबकलोंच. एरव्हीं ज्या रस्त्यांवरून सुटाबुटांतील मंडळी घाईघाईनें चालत असतात, त्यांतील एक प्रमुख रस्ता त्या दिवशीं वाहनांस बंद होता. आणि त्या रस्त्यावर, पुलांच्या सावलींत, चौकाच्या कडेकडेनें, एका सुप्रसिद्ध बँकेच्या इमारतीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेंत हजारों स्त्रिया खोक्यांचे पुठ्ठे पसरून बसल्या होत्या. कोणी डबे सोडून जेवीत होत्या, कोणी पत्ते खेळत होत्या, कोणी एकमेकींचे केस कापून देत होत्या, तर कोणी मोठाल्या खोक्यांत साबण, डबाबंद मांस, मुलांचे बूट असलें सामान दाबून दाबून भरीत होत्या. बऱ्याच जणी हातांतील फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या कोणा मुलाशीं बोलत होत्या. आम्हांस प्रथम ही कसली तरी जत्रा वाटली. पण आमच्या पुतणीनें (तिच्याच घरीं आम्ही उतरलों होतों) उलगडा केला. ती म्हणाली, "काका, आज ह्यांच्या सुटीचा दिवस. घर मालकिणीचें, निजायची जागाही मालकिणीचीच. मग सुटीच्या दिवशीं ह्यांनीं जायचें तरी कुठें?"

पुतणीच्या घरींही अशीच एक फिलिपिनो बाई कामास होती. वय चाळिशीच्या पुढें, बोलणें मोजकें, इंग्रजी स्वच्छ. ती मूळची इलोइलो प्रांतांतील, आणि इकडे येण्यापूर्वीं तेथील एका शाळेंत गणित शिकवीत असे. हें कळलें तेव्हां, वर्गांत उभें राहून शिकविण्यांतच ज्यांचें आयुष्य गेलें अशा आम्हांस तिनें आणून दिलेला चहाचा पेला हातांत घेतांना मोठा संकोच वाटला. संकोचापलीकडे आम्ही कांहीं केलें नाहीं, हेंही येथेंच कबूल केलेलें बरें. एका शिक्षिकेवर परक्या देशांत दुसऱ्याच्या घरची भांडीं घासण्याची पाळी कां यावी, ह्या प्रश्नाचा पाठपुरावा करतां करतां जें वाचनांत आलें, त्यांतील कांहीं भाग वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्याकडे मनिला म्हटलें कीं पुष्कळांस लेंग्यावर घालावयाचा अर्ध्या बाह्यांचा सदरा तेवढा आठवतो. त्या नांवाचें शहर ज्या देशाची राजधानी आहे, तो सात हजारांहून अधिक बेटांचा देश इ. स. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनच्या ताब्यांत होता. देशाचें नांव सुद्धां स्पेनचा राजा दुसरा फिलिप ह्याच्यावरून पडलेलें. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीं ह्या बेटांतील समाजांत बाईचें स्थान अगदीं खालचें नव्हतें. मुलीस मुलाप्रमाणें वारसा मिळे, नातें आईकडून व बापाकडून सारखेंच मोजलें जाई, आणि देवतांना आवाहन करणें, रोग्यांस बरें करणें हीं कामें करणाऱ्या 'बाबायलान' बहुतेक स्त्रियाच असत. मिशनरी पाद्र्यांनीं ह्या बाबायलानांस चेटकिणी ठरविलें, व पुढील तीनशें वर्षें स्त्रियांस शिक्षण म्हणजे प्रार्थना, शिवण आणि आज्ञाधारकपणा एवढेंच मिळत राहिलें.

तथापि ती राख सगळीच विझलेली नव्हती. १८८८ च्या डिसेंबरांत मालोलोस ह्या गांवच्या वीस तरुण स्त्रियांनीं गव्हर्नर जनरल वेलर ह्यांस समक्ष अर्ज दिला, कीं आम्हांस स्पॅनिश भाषा शिकण्यासाठीं रात्रीची शाळा काढूं द्यावी. गांवच्या पाद्र्यानें विरोध केला. कारण साहेबाची भाषा बायकांस आली म्हणजे पाद्र्याच्या मध्यस्थीवांचून त्यांचें काम चालणार. अखेर परवानगी मिळाली, पण खर्च ज्यांचा त्यांनीं सोसावा ह्या अटीवर, आणि शाळा कांहीं महिन्यांतच बंद पडली. फिलिपिनो राष्ट्राचे आद्य पुरुष होसे रिझाल हे त्या वेळीं लंडन येथें होते. त्यांनीं १८८९ च्या फेब्रुवारींत ह्या स्त्रियांस उद्देशून तागालोग भाषेंत एक दीर्घ पत्र लिहिलें; आईच जर गुलाम असेल तर मुलें स्वतंत्र वृत्तीचीं निपजणार कशीं, असा त्या पत्राचा आशय आहे. त्याच सालच्या मार्च महिन्यांत पंडिता रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें, हें मराठी वाचकांस आठवल्यावांचून राहणार नाहीं. दोन्ही ठिकाणच्या मंडळींस एकमेकांची गंधवार्ताही नसावी. पण काळच तसा होता.

रिझाल ह्यांच्या आयुष्यांतील एक लहानसा भाग आमच्या विषयास फारच जवळचा आहे. जमिनीच्या वादांत त्यांच्या कुटुंबास कालांबा ह्या गांवांतून हुसकून लावण्यांत आलें, तेव्हां १८९१ च्या अखेरीस त्यांनीं हाँगकाँगचा आश्रय घेतला व तेथें नेत्रवैद्य म्हणून दवाखाना चालविला. वृद्ध आई व बहिणी त्यांच्यामागून तेथें आल्या. आईच्या डोळ्यावर त्यांनीं तेथेंच शस्त्रक्रिया केली. तो दवाखाना ज्या रस्त्यावर होता तो रस्ता, आम्हीं वर वर्णिलेल्या रविवारच्या मेळ्यापासून हांकेच्या अंतरावर आहे. तेव्हां हाँगकाँगमध्यें आसरा शोधणाऱ्या फिलिपिनो स्त्रिया ही कालपरवांची गोष्ट नव्हे. पुढें १८९६ च्या ३० डिसेंबर रोजीं रिझाल ह्यांस मनिला येथें गोळ्या घालून ठार करण्यांत आलें.

दोनच वर्षांनीं स्पेननें हा देश दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या स्वाधीन केला. देशांतील लोकांस कोणीं विचारलें नाहीं. त्यांनीं युद्ध केलें, तें ते हरले; आणि मग अमेरिकेनें तलवार म्यान करून शाळामास्तर पाठविले. १९०१ च्या ऑगस्टांत 'थॉमस' नांवाच्या जहाजांतून सुमारे पांचशें अमेरिकन शिक्षक मनिला बंदरांत उतरले. गांवोगांव सरकारी शाळा निघाल्या व त्यांतून इंग्रजीचें शिक्षण सुरू झालें. मॅकॉले साहेबांच्या धोरणाचीं फळें चाखलेल्या आम्हांसारख्यांस ह्या इतिहासांत ओळखीचें बरेंच कांहीं सांपडतें. फरक इतकाच, कीं आमच्याकडे इंग्रजी शिकलेला पुरुष कारकून झाला. तिकडे इंग्रजी शिकलेली स्त्री, पुढें कांहीं पिढ्यांनीं, जगाच्या बाजारांत सर्वांत अधिक मागणी असलेली परिचारिका झाली.

हें कसें घडलें तें पाहण्यासारखें आहे. १९०३ सालीं अमेरिकन सरकारनें एक कायदा करून निवडक फिलिपिनो विद्यार्थ्यांस सरकारी खर्चानें अमेरिकेस पाठविण्यास प्रारंभ केला. ह्या योजनेंतून गेलेल्या मुलींपैकीं ऑनोरिया अकोस्ता ही १९०९ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर झाली. ती पहिली फिलिपिनो स्त्री-डॉक्टर. महाविद्यालयाचें नांव वाचतांच आमच्या मनांत चर्र झालें; कारण ज्या संस्थेंतून १८८६ सालीं आमच्या डॉक्टर आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या, तीच ही संस्था. आनंदीबाई स्वदेशीं परतल्या त्या क्षयानें जर्जर होऊन, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, बाविसावें वर्षही पुरें झालें नसतां, पुण्यास त्यांचा अंत झाला. ऑनोरिया बाईंस दीर्घ आयुष्य लाभलें व मायदेशीं प्रसूतिशास्त्राच्या अध्यापनांत त्यांनीं मोठी कामगिरी केली. परंतु त्यांच्या पाठोपाठ १९१० सालीं त्याच महाविद्यालयांतून पदवी घेतलेली ऑलिव्हिया सालामांका ही दुसरी फिलिपिनो डॉक्टर मात्र १९१३ सालीं, चोविसाव्या वर्षीं, क्षयानेंच गेली. फिलाडेल्फियाच्या थंडीनें दोन दूरच्या देशांच्या दोन लेकी अशा एकाच रीतीनें घेतल्या असें म्हणण्याचा मोह होतो. वैद्यकशास्त्र त्यास मान्यता देईल न देईल.

ह्या दोघी तिघी स्त्रिया परदेशीं गेल्या त्या शिकून परत येण्यासाठीं. परत न येण्यासाठीं जाणाऱ्यांची शाळा दुसरीकडे निघत होती. १९०६ सालीं इलोइलो येथील मिशनच्या रुग्णालयांत परिचारिकांचें पहिलें विद्यालय उघडलें व पुढल्याच वर्षीं मनिला येथेंही तसें शिक्षण सुरू झालें. आरंभीं कुलीन घरच्या मुलींनीं परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावा ही कल्पनाच लोकांस असह्य होती. परंतु अमेरिकन पाठ्यपुस्तकें, अमेरिकन शिस्त आणि इंग्रजी भाषा ह्यांत तयार झालेली ही विद्या पुढें प्रतिष्ठेची झाली. १९२२ सालीं आनास्तासिया हिरोन-तुपास ह्या बाईंनीं परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९३७ सालीं स्त्रियांस मताधिकार द्यावा कीं नाहीं ह्यावर फक्त स्त्रियांचेंच मत घेण्यांत आलें, त्यांत साडेचार लक्षांच्या आसपास स्त्रियांनीं अनुकूल मत दिलें. विरुद्ध मत देणाऱ्या पंचेचाळीस हजारही भरल्या नाहींत.

त्या काळीं परदेशीं मजुरीस जाणारे मात्र जवळजवळ सगळे पुरुष होते. १९०६ च्या डिसेंबरांत हवाई बेटांतील उंसाच्या मळ्यांवर पंधरा फिलिपिनो मजूर उतरले, आणि तेथून पुढें हजारोंची रांग लागली. कॅलिफोर्नियांत तर एका फिलिपिनो स्त्रीमागें चौदा पुरुष असें प्रमाण पडलें होतें. गोऱ्या मुलींबरोबर नाच केला म्हणून १९३० च्या जानेवारींत वॉट्सनव्हिल येथें ह्या मजुरांवर दंगेखोर चालून गेले. १९३३ सालीं त्यांनीं गोऱ्या स्त्रीशीं विवाह करूं नये असा कायदा झाला. १९३४ सालीं वर्षास फक्त पन्नास फिलिपिनोंस प्रवेश अशी मर्यादा घालण्यांत आली. ती मर्यादा सैल झाली १९४६ च्या जुलैंत, आणि ज्या कायद्यानें ती झाली त्याच कायद्यानें आम्हां हिंदी लोकांसही अमेरिकेचें नागरिकत्व घेण्याचा हक्क मिळाला. दोन्ही देशांच्या वांट्यास वर्षास शंभर शंभर जागा! त्या वेळीं दोन्ही राष्ट्रें एकाच पायरीवर, दरवाजाबाहेर, उभीं होतीं. दोनच दिवसांनीं, ४ जुलै १९४६ रोजीं, फिलिपाईन्स स्वतंत्र झालें.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत परिचारिकांची टंचाई पडली. १९४८ सालीं निघालेल्या एका विनिमय-योजनेखालीं परदेशी तरुणांस दोन वर्षें अमेरिकेंत काम करून शिकण्याची सोय झाली होती. अमेरिकेची ओळख जगास व्हावी हा तिचा हेतु. पण रुग्णालयांनीं हेतूकडे न पाहतां स्वस्त मनुष्यबळाकडे पाहिलें. १९५६ ते १९६९ ह्या काळांत अकरा हजारांहून अधिक फिलिपिनो परिचारिका ह्या वाटेनें गेल्या. नांव शिकाऊ, काम पुऱ्या परिचारिकेचें आणि हातीं पडे तो विद्यार्थ्याचा भत्ता. १९६६ च्या जुलैंत शिकागो येथें एका नराधमानें परिचारिकांच्या वसतिगृहांत शिरून आठ जणींचे खून केले, त्यांत दोघी ह्याच योजनेंतून आलेल्या फिलिपिनो होत्या. आणि पलंगाखालीं दडून वांचलेली, पुढें भर न्यायालयांत त्याच्या जवळ जाऊन त्यास ओळखणारी एकमेव साक्षीदारही फिलिपिनोच होती. ती तेवीस वर्षांची होती. त्याआधींच्या वर्षीं, १९६५ सालीं, अमेरिकेनें वंशवार मर्यादा काढून टाकल्या, आणि १९६६ ते १९८५ ह्या वीस वर्षांत निदान पंचवीस हजार परिचारिका तिकडे गेल्या. गावच्या मुलीनें परिचारिकेचें शिक्षण घेणें म्हणजे देश सोडण्याचा परवाना काढणें असें समीकरणच होऊन बसलें.

येथवर जें घडलें तें जणूं पाण्यानें उताराकडे धांवावें तसें घडलें. त्यास पाट खणून दिला तो फेर्दिनांद मार्कोस ह्यांनीं. १९७२ सालीं लष्करी कायदा पुकारून सत्ता हातीं घेतल्यावर त्यांच्यापुढें दोन संकटें होतीं : बेकार तरुण आणि परकीय चलनाची तूट. १९७३ च्या तेलाच्या भाववाढीनें दुसरें संकट अधिकच वाढविलें. १ मे १९७४ रोजीं, म्हणजे कामगारदिनींच, त्यांनीं नवी श्रमसंहिता जारी केली आणि तीअन्वयें परदेशीं मजूर पाठविण्यासाठीं सरकारी मंडळें स्थापिलीं. ही व्यवस्था तात्पुरती आहे असें तेव्हां सांगण्यांत येई. पन्नास वर्षें उलटून गेलीं तरी ती चालूच आहे. मध्यंतरीं मार्कोस गेले, मागें पंचवीस अब्ज डॉलरांवर कर्ज ठेवून.

प्रारंभीं आखाती देशांत गवंडी, सुतार, यंत्रकामगार असे पुरुष गेले. पण हाँगकाँग, सिंगापूर येथें नवा मध्यमवर्ग उदयास येत होता. तेथील सुशिक्षित बायका कचेऱ्यांत जाऊं लागल्या होत्या आणि घर व मूल सांभाळणारें कोणी तरी त्यांस हवें होतें. पुढें आखाती देशांतील घरांनींही तीच मागणी केली. कॅथॉलिक मठांच्या ओळखीपाळखींतून रोम व मिलान येथेंही फिलिपिनो बायका पोंचल्या. मालकिणीची मुलें इंग्रजी बोलतील हा लाभ वरकड होता. अमेरिकन शाळामास्तरांच्या श्रमाचें फळ असें शेवटीं हाँगकाँगच्या स्वयंपाकघरांत पदरीं पडलें.

मार्कोस सरकारची दृष्टि ह्या बायकांच्या पगाराकडे किती बारकाईनें होती, हें १९८२ च्या डिसेंबरांतील त्यांच्या हुकुमावरून दिसतें. त्या हुकुमाप्रमाणें घरकाम करणाऱ्या प्रत्येक बाईनें आपल्या मिळकतीचा निम्मा भाग सरकारमान्य बँकांच्या द्वारेंच स्वदेशीं पाठविला पाहिजे असें ठरलें. न पाठविल्यास पारपत्राचें नूतनीकरण होणार नव्हतें. जी बाई पैसे घरीं पाठविण्यासाठींच परदेशीं गेली, तिला पैसे घरीं पाठवीत जा म्हणून धाक घालणारें सरकार हें एक आश्चर्यच म्हटलें पाहिजे! परंतु ह्या ठिकाणीं सरकारचा हिशेब चुकला. रविवारीं पुठ्ठ्यांवर बसणाऱ्या ह्याच बायकांनीं हाँगकाँगमध्यें संघ काढले, सह्या गोळा केल्या, आणि १९८५ सालीं तो हुकूम मागें घेणें मार्कोस ह्यांस भाग पडलें. ज्यांच्या भीतीनें मनिलांतील वर्तमानपत्रें गप्प होतीं, त्यांस मोलकरणींनीं माघार घ्यावयास लावलें. ह्या लढ्याची कथा शाळेच्या इतिहासांत यावी तितकी येत नाहीं, असें पुतणीच्या घरच्या त्या बाईनें आम्हांस सांगितलें; आणि ती स्वतः शिक्षिका होती, तेव्हां तिचें म्हणणें खोटें मानण्याचें कारण नाहीं.

मार्कोस ह्यांच्यानंतर आलेल्या कोराझोन आक्विनो ह्यांनीं १९८८ सालीं ह्या स्त्रियांस 'नव्या वीर' अशी पदवी दिली, आणि त्याच वर्षीं त्यांच्या हालअपेष्टांच्या बातम्यांमुळें मोलकरणींच्या परदेशगमनावर बंदीही घातली. बंदी हळूहळू एकेका देशापुरती उठली. पदवी कायम राहिली. पदवीस खर्च येत नाहीं. ग्रीस देशांत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या कोशांत 'फिलिपिनेझा' ह्या शब्दाचा एक अर्थ मोलकरीण असा दिला होता, व त्यावरून बराच क्षोभ झाला. एका राष्ट्राचें नांव परक्या भाषेंत हुद्द्याचें नांव व्हावें, हें त्या राष्ट्रास किती झोंबत असेल!

ह्या सगळ्या क्षोभास एकदांच तोंड फुटलें, तें १९९५ सालीं. लागुना प्रांतांतील सान पाब्लो येथील फ्लोर कोंतेम्प्लासिओन ही चार मुलांची आई सिंगापुरांत मोलकरीण होती. १९९१ सालीं देलिया मागा नांवाची दुसरी फिलिपिनो मोलकरीण आणि तिच्या हवालीं असलेलें एक लहान मूल ह्यांचे खून झाले. त्याबद्दल फ्लोर हिला दोषी ठरवून १७ मार्च १९९५ रोजीं फांशीं देण्यांत आलें. ती खरोखर अपराधी होती काय, ह्यावर दोन्ही देशांत फार वाद झाला, आणि परीक्षकांचे अभिप्रायही परस्परविरोधी आले. त्या वादांत शिरण्याची आमची योग्यता नाहीं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती पुढील गोष्ट. तिची शवपेटी मनिलाच्या विमानतळावर आली तेव्हां ती उतरवून घेण्यास खुद्द अध्यक्षांच्या पत्नी हजर होत्या, आणि अंत्ययात्रेस हजारों माणसें लोटलीं. तीं कोणा एका अपराधी वा निरपराधी बाईसाठीं रडत नव्हतीं. ज्या चार वर्षांत ती तुरुंगांत होती त्या चार वर्षांत आपला वकील, आपलें सरकार, आपला दूतावास कोठें होता, हा त्यांचा प्रश्न होता. आणि घरोघरीं कोणाची तरी आई, बहीण वा बायको परदेशीं असल्यामुळें तो प्रश्न प्रत्येकाचा होता. परराष्ट्रमंत्र्यांस राजीनामा द्यावा लागला. जून महिन्यांत घाईघाईनें परदेशस्थ कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आर्थिक भरभराटीचें साधन म्हणून राज्य परदेशच्या नोकरीस उत्तेजन देत नाहीं, असें त्या कायद्यांत स्वच्छ लिहिलें आहे. लिहिलें आहे, एवढेंच. २०२३ सालीं परदेशस्थ फिलिपिनोंनीं बँकांमार्फत स्वदेशीं साडेतेहतीस अब्ज डॉलर पाठविले, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा सातच्या आसपास. आणि त्या वर्षींच्या सरकारी पाहणींत परदेशीं काम करणारे जे सुमारे २१ लक्ष ६० हजार लोक मोजले गेले, त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या.

जपानची हकीकत निराळी आहे व ती सांगतांना लेखणी अडखळते. तेथें मोलकरीण म्हणून नव्हे, तर गायिका व नर्तकी म्हणून परवाना मिळे. परवान्याआड पुष्कळदां काय चाले तें सर्वांस ठाऊक होतें. २००४ सालीं ऐंशीं हजारांवर फिलिपिनो अशा परवान्यावर तेथें गेल्या. मनुष्यविक्रयाबद्दल परदेशांतून टीका झाल्यावर जपाननें २००५ सालीं नियम कडक केले, आणि २००६ सालीं ही संख्या दहा हजारांच्याही खालीं आली. एका नियमानें जें थांबूं शकलें तें इतकीं वर्षें कां चाललें, हें विचारण्याचा हक्क त्या मुलींस आहे.

आतां मागें राहिलेल्या मुलांविषयीं. ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्या राझेल पारेन्यास ह्या फिलिपिनो-अमेरिकन विदुषीनें एक मार्मिक निरीक्षण नोंदविलें आहे. बाप परदेशीं गेला तर तो कुटुंबासाठीं झिजतो असें लोक म्हणतात. आई गेली तर तिनें मुलांस टाकलें असें म्हणतात. आणि आई गेली म्हणून बाप चुलीजवळ जातो असेंही नाहीं. तिचें काम मावशीवर, आजीवर, नाहीं तर थोरल्या मुलीवर पडतें. रोममधील बाई दुसऱ्याचें मूल सांभाळते. तिचें मूल तिनें पगारावर ठेवलेली खेड्यांतील बाई सांभाळते. आणि त्या खेड्यांतील बाईचें मूल तिचीच दहा बारा वर्षांची लेक सांभाळते. ममतेचा हा प्रवाह गरिबाकडून श्रीमंताकडे वाहत असतो. दुबई, सिंगापूर येथें स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील कित्येक बालकें पहिलें पाऊल टाकलीं तीं अशाच एखाद्या बाईचें बोट धरून. तेव्हां हें सारें आपण दुरून पाहत आहों असें समजण्यांत अर्थ नाहीं. आमच्या पुतणीची मुलगी पडली तर प्रथम कोणाला हांक मारते, हें आम्हीं स्वतः ऐकलें आहे.

परिचारिकांची ओढ तर अद्याप थांबलेली नाहीं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं फिलिपाईन्समध्यें हजारों डॉक्टर पुन्हां विद्यार्थी होऊन परिचर्या शिकूं लागले, कारण डॉक्टरापेक्षां परिचारिकेस परदेशचा परवाना लवकर मिळे. २०२० सालीं करोनाची सांथ आली. अमेरिकेंतील परिचारिकांमध्यें फिलिपिनोंचें प्रमाण शेंकडा चारच्या आसपास. पण त्या सप्टेंबरापर्यंत सांथींत दगावलेल्या परिचारिकांत जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांचा होता, असें तेथील परिचारिकांच्या संघटनेनें मोजून दाखविलें. त्याच सालच्या ८ डिसेंबर रोजीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें, चांचण्यांबाहेर सर्वसामान्य माणसास दिलेली पहिली मान्य लस टोंचली, तीही मे पार्सन्स ह्या मूळच्या फिलिपिनो परिचारिकेनें. मायदेशांत मात्र परिचारिकांचा तुटवडा पडून सरकारला त्यांच्या परदेशगमनावर वर्षास पांच हजारांची मर्यादा घालावी लागली. आणि २०२१ च्या फेब्रुवारींत मनिलाच्या श्रमखात्याकडून ब्रिटन व जर्मनी ह्यांच्यापुढें असा प्रस्ताव आला, कीं तुम्ही लशी द्याल तर आम्ही ही मर्यादा शिथिल करूं. ब्रिटननें तो नाकारला. आम्ही हें वाक्य लिहून दोनदां वाचलें. वाचकांनींही तसेंच करावें.

हाँगकाँगमध्यें सात वर्षें नियमानें राहणाऱ्या परकीयास कायमच्या वास्तव्याचा हक्क मागतां येतो. मोलकरणीस तो नाहीं. तिनें मालकाच्याच घरांत राहिलें पाहिजे असा निर्बंध आहे, आणि नोकरी सुटली कीं दोन आठवड्यांत शहर सोडावें असा १९८७ चा नियम आहे. १९८६ पासून तेथें राहिलेल्या एका फिलिपिनो बाईनें ह्याविरुद्ध दावा लावला. २०११ सालीं खालच्या न्यायालयानें तिच्या बाजूनें निकाल दिला, तेव्हां शहरांत मोठी खळबळ उडाली. २०१२ सालीं तो फिरला, आणि २०१३ च्या मार्चांत अंतिम न्यायालयानें सांगितलें, कीं मोलकरणीचें राहणें हें राहणें ह्या शब्दाच्या नेहमींच्या अर्थानें राहणें नव्हे. कायद्याच्या दृष्टीनें युक्तिवाद सुसंगत असेल. पुतणीच्या घरच्या बाईस ह्या निकालाविषयीं आम्हीं विचारलें, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "सर, माझी मुलगी पांच वर्षांची असतांना मी इथें आलें. ती आतां एकवीस वर्षांची आहे. मग मी सोळा वर्षें कुठें राहिलें?"

निघण्याच्या आदल्या रविवारीं तिनें आम्हांस आपल्याबरोबर मुद्दाम नेलें व रिझाल ह्यांचा दवाखाना जेथें होता ती जागा दाखविली. मग आम्ही तिच्या मैत्रिणींच्या पुठ्ठ्यावर बसलों. तिची मुलगी इलोइलो येथें परिचारिकेचें शिक्षण घेत होती. शेवटचें वर्ष होतें. शिक्षण पुरें झालें म्हणजे तुम्ही घरीं परत जाल ना, असें आम्हीं विचारलें. ती हंसली. मुलीनें इंग्लंडला जाण्यासाठीं लागणारी इंग्रजीची परीक्षा आधींच दिली होती, आणि तिकडे जाण्यास जो खर्च येतो तो फिटेपर्यंत आईस आणखी निदान दोन वर्षें येथें काढावयाचीं होतीं. "तिकडे एक बरें आहे," ती म्हणाली, "खोली स्वतःच्या नांवानें भाड्यानें घेतां येते." पुढें ठेवलेलें खोकें तोंडापर्यंत भरलें होतें. त्यांत मुलीसाठीं घेतलेले पांढरे बूट सर्वांत वर होते. झांकण लागेना, म्हणून तिनें आम्हांस त्याच्या दोन्ही बाजू दाबून धरावयास सांगितलें व स्वतः गुडघ्यावर बसून ती चिकटपट्टी लावूं लागली.